मोटर बंद, तरी डबा दीड अँपिअर दाखवतो: हॉल सेन्सरचं सरकणारं शून्य

“साहेब, मोटर बंद हाय, तरी डबा दीड अँपिअर दावतोय.”

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात पंपाच्या पॅनेलची कामं करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. डबा म्हणजे मोटरचा करंट मोजून, काही बिघडलं तर ती बंद पाडणारं पंपाचं पॅनेल. याच जातीच्या आणखी तक्रारी येतात: पाणी धो धो पडतंय आणि डबा ड्राय रन (पाण्याविना मोटर फिरतेय) म्हणून मोटर बंद पाडतोय, दार उघडलं की आकडा बरोबर, दार लावलं की चूक, मोबाईल स्टार्टरचा (फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्याचा) फोन लागला की अँपिअर उड्या मारतात. बहुतेक ठिकाणी यावर एकच उपाय होतो, करंट मोजणारा हॉल सेन्सर बदलायचा. महिना-दोन महिने बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. बरं का चालतं, तर नवा सेन्सर बसवताना शून्यही (करंट नसतानाचा आकडा) नव्याने जुळवलं जातं म्हणून. गुण येतो तो त्या जुळवणीचा. जुना सेन्सर ठेवून फक्त शून्य जुळवलं असतं तरी तेवढेच दिवस बरे गेले असते.

हे वारंवार घडणारं दुखणं नीट सोडवणं गरजेचं आहे, कारण त्याचा शेवट फार वाईट होतो. रात्रपाळीची लाईट असताना मोटर विनाकारण पडली की माणसाला अंधारात विहिरीपर्यंत जावं लागतं. दोन-चार वेळा असं झालं की वैतागून ड्राय रनचं संरक्षणच बंद केलं जातं. मग एप्रिल छाटणीनंतर, बागेला पाण्याची खरी गरज असताना, बोअरचं पाणी खरोखरच तुटतं, डब्याला काही बोलायची मुभा नसते आणि मोटर जळते.

सेन्सरला करंट कळत नाही

तारेतून करंट वाहिला की तारेभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. ओर्स्टेडने १८२० मध्ये तारेजवळची होकायंत्राची सुई हलताना पाहिली ती यामुळेच. पुढे १८७९ मध्ये एडविन हॉलने दाखवलं की करंट वाहणाऱ्या पातळ पट्टीवर आडवं चुंबकक्षेत्र पडलं, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज उभं राहतं. आपल्या डब्यातला हॉल सेन्सर म्हणजे ही पट्टी आणि तिच्या शेजारी बसवलेला अँप्लिफायर. तार तोडावी लागत नाही, तिला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याला करंट कळत नाही, चुंबकक्षेत्र कळतं. ते क्षेत्र तुमच्या तारेचं आहे, शेजारच्या तारेचं आहे, डब्याच्या पत्र्याचं आहे की पृथ्वीचं, हे त्याला ओळखता येत नाही. या एका गोष्टीतून जवळजवळ सगळ्या तक्रारी निघतात.

थोडे आकडे पाहू. सरळ तारेतून १० अँपिअर वाहत असतील तर तारेपासून एक सेंटिमीटरवर ०.२ मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण ०.०४ मिलिटेस्ला आहे. म्हणजे तारेजवळ नुसती हॉल चिप चिकटवली असेल, भोवती कोअर (चुंबकक्षेत्र गोळा करणारं कडं) नसेल, तर पृथ्वी एकटीच दोन अँपिअरचा भास निर्माण करू शकते. चिपचं तोंड उत्तरेला केलं तर दोन अधिक, दक्षिणेला केलं तर दोन उणे. वर्कशॉपच्या टेबलावर शून्य जुळवून आणलेला डबा शेडच्या भिंतीवर वेगळ्या दिशेला तोंड करून लावला की दीड अँपिअर कुठून आले, याचं उत्तर इथे आहे.

आता तार फेराइटच्या कोअरमधून घातली आणि चिप कोअरच्या फटीत बसवली असं धरा. फट दीड मिलिमीटरची असेल तर त्याच १० अँपिअरला फटीत सुमारे ८.४ मिलिटेस्ला मिळतात. नुसत्या चिपपेक्षा चाळीस पट जास्त. तारेचा आवाज एवढा मोठा झाला की पृथ्वीची कुजबुज त्यात बुडते. म्हणून शेतातल्या डब्यासाठी मी कोअर असलेलाच सेन्सर घ्या असं सांगतो. पन्नास-शंभर रुपये वाचवायला उघडी चिप तारेखाली चिकटवण्यात अर्थ नाही.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या एसीएस७१२ या चिपबद्दलही एक खुलासा. त्यातही हॉल सेन्सरच असतो आणि मोजणारी बाजू वीजवाहक बाजूपासून विलग असते, पण करंट चिपच्या पायांतून आत जातो. म्हणजे मोटरची तार तोडून स्क्रूखाली आवळावी लागते. तो स्क्रू सैल झाला की तापतो आणि जळतो. पंपाच्या कामाला तो मला पटत नाही.

आधी ठरवा: एसी की डीसी

इथेच अर्धं काम होतं आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. महावितरणच्या थ्री फेज लाईटवर चालणारा पंप असेल तर डबा एसी मोजतो. सोलर पॅनेलकडून पंपाकडे येणाऱ्या तारेवर सेन्सर असेल तर तो डीसी मोजतो. दुखणं सारखं दिसतं, पण औषध वेगळं आहे.

एसीमध्ये करंट सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो आणि पूर्ण आवर्तनाची सरासरी शून्य येते. पृथ्वीचं क्षेत्र, कोअरमध्ये राहिलेलं चुंबकत्व, उन्हाने सरकलेलं शून्य, हे सगळे स्थिर असतात. म्हणून प्रोग्रॅमने २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत नमुने घेऊन आधी त्यांची सरासरी काढली, ती प्रत्येक नमुन्यातून वजा केली आणि मग आरएमएस (नमुन्यांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढलं, तर ही सगळी चूक एका झटक्यात निघून जाते. तरीही कित्येक डब्यांच्या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे अडीच व्होल्ट असा आकडा कायमचा लिहून ठेवलेला असतो. मग सरकलेलं शून्य आरएमएसमध्ये मिसळतं. ते कसं मिसळतं हे समजलं की एक नेहमीचं कोडं सुटतं.

शून्य दीड अँपिअरने सरकलं आहे आणि मोटर बंद आहे: डबा १.५ दाखवणार. आता मोटर चालू करा, समजा ती खरे ८ अँपिअर घेते. डबा साडेनऊ दाखवत नाही. ८ चा वर्ग ६४, दीडचा वर्ग २.२५, बेरजेचं वर्गमूळ सुमारे ८.१४. टाँग टेस्टरशी (तारेभोवती अडकवायच्या करंट मीटरशी) ताडून पाहिलं तर आकडा जुळल्यासारखा वाटतो आणि मेकॅनिक म्हणतो, चालू असताना बरोबर आहे, बंद असताना तेवढं चुकतंय, सोडून द्या. सोडून देऊ नका. काही डबे आरएमएस न काढता लाटेचं टोक पकडतात आणि १.४१ ने भागतात. तिथे तेच सरकलेलं शून्य सरळ टोकात मिळतं आणि ८ चे ९ होतात. ओव्हरलोडची मर्यादा नऊवर ठेवली असेल तर मोटर विनाकारण पडते.

एसीच्या डब्यात सरासरी वजा करूनही मोटर बंद असताना ०.२-०.३ अँपिअर दिसत राहिले तर तो गोंगाट आहे. गोंगाटाचं आरएमएस कधीच शून्य होत नाही, कारण वर्ग केल्यावर उणे उरतच नाही. त्याची काळजी करू नका. ०.३ चा गोंगाट ८ अँपिअरमध्ये मिसळला तर ८.००६ होतात. अर्ध्या अँपिअरखाली सगळं शून्य दाखवायला प्रोग्रॅमला सांगितलं की शेतकऱ्याचाही घोर मिटतो.

डीसीमध्ये मात्र ही सवलत नाही. तिथे मोजायची वस्तूच स्थिर आहे आणि चूकही स्थिर. दोन्ही सरळ बेरजेने मिळतात, त्यांना वेगळं करणारं गणित नाही. डीसी मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर शून्य करायचं बटण असतं आणि नुसत्या एसीच्या टाँग टेस्टरवर ते नसतं, यामागचं कारण हेच. म्हणून सोलरच्या डब्यात पुढची प्रत्येक गोष्ट तपासावी लागते.

तपासायला लागण्याआधी एक सांगतो. सोलरच्या तारांवर मालिकेत जोडलेल्या पॅनेलचं काहीशे व्होल्ट डीसी असतं. एसीचा करंट आवर्तनात दोनदा शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझायला जागा मिळते, डीसीमध्ये ती मिळत नाही. लोड चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढू नका, कधीच. आधी पंप थांबवा, मग आयसोलेटर (पॅनेलची लाईन तोडणारा स्विच) पाडा, मग हात घाला.

मल्टिमीटरने दोन आकडे

मोटर बंद करा आणि सेन्सरच्या पायांवर मल्टिमीटर लावून दोनच गोष्टी लिहून घ्या: त्याला मिळणारा सप्लाय किती आणि त्याचं आउटपुट किती. सप्लाय ५.००, आउटपुट २.५० असेल तर सेन्सर ठीक आहे, चूक पुढे प्रोग्रॅममध्ये शोधा.

सप्लाय ४.८० आणि आउटपुट २.४० आलं, तर सेन्सर अजूनही ठीक आहे. असे बहुतेक सेन्सर सप्लायच्या निम्म्यावर शून्य धरतात. सप्लाय खाली आला की शून्यही त्याच्या मागोमाग खाली येतं. कंट्रोलरचा (डब्यातला प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपचा) संदर्भ व्होल्टेज वेगळा आणि पक्का असेल तर त्याला हा ०.१ व्होल्टचा फरक करंट वाटतो. किती करंट, हे सेन्सर किती अँपिअरचा आहे यावर ठरतं. ५० अँपिअरला ०.६२५ व्होल्ट चढवणारा सेन्सर असेल तर एका अँपिअरला मिळतात साडेबारा मिलिव्होल्ट. मग ०.१ व्होल्ट म्हणजे आठ अँपिअर! पाच एचपीची सबमर्सिबल मोटर पूर्ण भारावर साधारण तेवढेच घेते. सप्लाय नुसता पाव टक्का हलला तरी अर्ध्या अँपिअरच्या आसपास आकडा हलतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. एक, सेन्सरचा सप्लाय आणि कंट्रोलरचा संदर्भ एकाच रेषेवरून द्या. म्हणजे दोघं एकत्र हलतील आणि गुणोत्तर तसंच राहील. दोन, ५० अँपिअरच्या सेन्सरमधून आठ अँपिअरची तार एकदाच घालू नका. जागा असेल तर चार वेढे घाला. सेन्सरला ३२ अँपिअर दिसतील, आकड्याला चारने भागा. सप्लायमुळे, उन्हामुळे, पृथ्वीमुळे येणारी प्रत्येक चूकही चारने भागली जाते. दहा बिटच्या कंट्रोलरवर पाच व्होल्टची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते. एका वेढ्यावर ती जवळजवळ ०.४ अँपिअरची होते, चार वेढ्यांवर ०.१ ची. एवढा फायदा फुकटात मिळत असताना तो सोडायचा कशाला? फक्त सुरू होतानाचा झटका लक्षात ठेवा. थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी सेन्सर भरून जाईल. एसीला त्याने फारसं बिघडत नाही, सुरुवातीचे काही सेकंद आकडा सोडून द्यायचा.

तिसरी शक्यता: सप्लाय बरोबर ५.०० आहे आणि आउटपुट २.५० ऐवजी २.५२ आहे. आता खरोखर शून्य सरकलं. सेन्सरचा जबडा (कोअरचे उघडणारे दोन तुकडे) उघडून तार बाहेर काढा. आकडा बदलला नाही तर तारेचा संबंध नाही. मग सेन्सर हातात धरून फिरवा, उत्तरेला, दक्षिणेला, वर, खाली. फिरवताना आकडा हलला तर बाहेरचं क्षेत्र आत शिरतंय. कसाही फिरवला तरी हलला नाही तर दोनच कारणं उरतात, ऊन किंवा कोअरमध्ये अडकलेलं चुंबकत्व.

उन्हाची चाल ओळखायला सोपी असते. मोटर बंद ठेवून सकाळी, दुपारी दोनला आणि संध्याकाळी आकडा पाहा. दुपारी सरकून संध्याकाळी जागेवर आला तर ऊनच. पत्र्याच्या शेडवर दुपारच्या उन्हात लावलेला डबा सकाळपेक्षा आतून तीसेक अंशांनी सहज तापतो. सेन्सर दर अंशाला अर्धा मिलिव्होल्ट सरकतो असं धरलं तर १५ मिलिव्होल्ट होतात, आणि साडेबारा मिलिव्होल्टच्या हिशेबाने १.२ अँपिअर. आपल्या सेन्सरचा खरा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो, घेताना तो बघून घ्या. डब्यावर सावली करा, डबा दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवरून काढून उत्तरेच्या भिंतीवर न्या. सोलरला आणखी एक सोय आहे. रात्री पॅनेल शांत असतात, करंट नक्की शून्य असतो, तेव्हा डब्याला शून्य स्वतःहून जुळवून घ्यायला सांगता येतं. दुपारच्या तापाची चूक त्याने जात नाही, पण बाकीची बरीच जाते. दर वेळी चालू होताना शून्य जुळवणारा प्रोग्रॅम मात्र धोक्याचा आहे. लाईट जाऊन आली आणि मोटर आधीच फिरत असेल तर तो चालू करंटलाच शून्य समजून बसतो.

कोअरमध्ये अडकलेलं चुंबकत्व

हे बहुतेक वेळा शॉर्टनंतर किंवा जवळ वीज पडल्यानंतर दिसतं. काल बरोबर असलेला डबा आज दीड अँपिअर दाखवतो आणि ते जातच नाहीत. प्रचंड मोठा करंट क्षणभर वाहून गेला आणि कोअरमध्ये थोडं चुंबकत्व मागे ठेवून गेला. डीसीच्या डब्यात ही स्थिर चूक होऊन बसते.

सेन्सर फेकायची गरज नाही. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या किंवा गावातल्या कुठल्याही मोटर वाईंडरकडे डिमरस्टॅट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) असतो. डब्यातून सेन्सर काढा, त्याच्या जबड्यातून जाड इन्सुलेटेड तारेचे दहा-बारा वेढे घाला. डिमरस्टॅटवरून कमी व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर चालवून त्या वेढ्यांतून एसी सोडा. सेन्सरला दिसणारा करंट त्याच्या कमाल अँपिअरच्या जवळपास न्या आणि मग डिमरस्टॅट हळूहळू, न थांबता, शून्यावर आणा. मध्येच स्विच बंद केला तर करंट लाटेच्या ज्या टोकावर तुटेल तिथलं चुंबकत्व पुन्हा अडकेल. सावकाश उतरवणं हीच सगळी युक्ती आहे. डिमरस्टॅटची तार थेट वेढ्यांना जोडू नका. त्याचं आउटपुट मेनपासून विलग नसतं आणि वेढ्यांना रोध नसल्यामुळे थेट शॉर्ट होईल.

दार, आणि परतीची तार

कवठेमहांकाळजवळच्या एका द्राक्षबागेतला सोलरचा डबा. डब्याच्या दाराला काच, काचेतून आकडा दिसतो. तार डब्याबाहेर पडते तिथे डीसीचा टाँग टेस्टर अडकवून ठेवला. दार उघडं: टाँग टेस्टर ६.२, डबा ६.२.

“तात्या, दार लावा बरं जरा.”

दार लागलं. टाँग टेस्टर ६.२, डबा ५.४. पुन्हा उघडलं, पुन्हा ६.२.

“म्हंजे आमी बगाय दार उगाडतो तवा ह्यो खरं बोलतो, आन् लावलं की खोटं?”

तात्यांनी दुखणं अगदी नेमकं पकडलं होतं. आत कोअर नसलेली हॉल चिप होती, तारेपासून आठेक मिलिमीटरवर, तार आणि दार यांच्या मध्ये. दाराचा लोखंडी पत्रा लागल्यावर तारेपासून साडेतीन सेंटिमीटरवर येत होता. लोखंड चुंबकरेषा आपल्याकडे ओढतं, आणि तार व पत्रा यांच्या मधल्या जागेत पत्र्याला समांतर असलेलं क्षेत्र त्यामुळे कमी होतं. त्या मापांनी हिशेब केला तर घट तेरा टक्क्यांची येते, आणि ६.२ चे ५.४ म्हणजे तेवढेच. दुरुस्ती करायला येणारा प्रत्येकजण साहजिकच दार उघडून पाही, सगळं बरोबर दिसे आणि तो परत जाई. डबा मात्र रात्रंदिवस दार लावलेलाच असतो. तिथे कोअरचा सेन्सर बसवला. कोअर घेता येत नसेल तर प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा घ्यावा. तेही नसेल तर निदान सगळी जुळवणी दार लावून करावी.

दारासारखीच परतीच्या तारेची गोष्ट. प्लसवर उघडी चिप आहे आणि मायनसची तार नीट दिसावी म्हणून कुणीतरी तिथेच टायने आवळून टाकली आहे. चिप तारेपासून आठ मिलिमीटरवर आणि मायनस चिपपासून तीस मिलिमीटरवर असेल तर २७ टक्क्यांचा फरक पडतो. चिप दोन तारांच्या मध्ये असेल तर आकडा तेवढा वाढतो, दोन्ही तारा चिपच्या एकाच अंगाला असतील तर तेवढा घटतो. टाय कापून मायनसची तार हाताने लांब-जवळ करून पाहा, आकडा डोळ्यांसमोर हलताना दिसेल. कोअरच्या सेन्सरलाही फटीच्या बाजूने शेजारची तार अगदी चिकटून गेली तर थोडा त्रास होतो. तेव्हा फट शेजारच्या तारांपासून दूर राहील अशा बेताने सेन्सर वळवून लावा. कॉन्टॅक्टरची कॉइल, कंट्रोलचा ट्रान्सफॉर्मर, लोहचुंबक असलेली टॉर्च, मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक, हे सगळेही सेन्सरपासून वीतभर लांब हवेत. रात्री पत्र्याला टॉर्च चिकटवून काम करायची सवय अनेकांना आहे, आणि ती टॉर्च तशीच राहून गेलेली आढळते.

तार घालताना होणारी एक चूक इथेच सांगून टाकतो. पूर्ण केबल जबड्यात घालू नका. थ्री फेजच्या तीन तारांची किंवा प्लस-मायनसची बेरीज शून्य होते आणि सेन्सर शून्यच दाखवतो. एका वेळी एकच तार.

फोन लागला की उडी

मोबाईल स्टार्टरमध्ये सिमचा मॉड्यूल असतो. टूजीचा मॉड्यूल बोलताना सलग ऊर्जा घेत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याने घेतो आणि त्या झटक्यात दोन अँपिअरपर्यंत ओढतो. रेंज जितकी वाईट तितका तो जोर लावून बोलतो. जतच्या कडेच्या गावांत ही तक्रार जास्त येते त्यात आश्चर्य नाही. बारीक सप्लाय त्या झटक्याला वाकतो, सेन्सरचा सप्लाय त्याच तारेवर असेल तर शून्यही वाकतं आणि साडेबारा मिलिव्होल्टच्या हिशेबात चार-आठ अँपिअरच्या उड्या दिसतात. एसीच्या डब्यात हा आकडा चढतो आणि मोटर ओव्हरलोडवर पडते. डीसीच्या डब्यात शून्य खाली जाताना आकडा खाली पडतो आणि ड्राय रन येतो. शेतकरी म्हणतो, मी फोन केला की मोटर बंद पडते. तो खरं बोलत असतो, त्याला वेड्यात काढू नका.

मल्टिमीटरवर हे दिसत नाही, तो फार सावकाश आहे. ओळखायचं कसं? सिम काढून दिवसभर चालवून बघा. उड्या थांबल्या तर कारण सापडलं. मॉड्यूलच्या पायांशीच १००० मायक्रोफॅरडचा चांगल्या प्रतीचा कॅपॅसिटर लावा, मॉड्यूलला सप्लायपासून वेगळी जाड तार द्या, आणि सेन्सरला स्वतःचा छोटा रेग्युलेटर व त्याच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड द्या. आउटपुट कंट्रोलरकडे नेणारी तार मोटरच्या केबलसोबत बांधू नका.

आकडा बरोबर, तरी ड्राय रन

सगळं तपासून झालं, टाँग टेस्टरशी आकडा जुळतो, तरी ड्राय रन येतोय. मग मोजमाप निर्दोष आहे, निकष चुकीचा आहे.

थ्री फेजला सेन्सर एकाच फेजवर असेल आणि डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) नेमका तोच फेज गेला, तर करंट शून्य दिसतो आणि डबा त्याला ड्राय रन म्हणतो. बाकीच्या दोन फेजवर मात्र करंट वाढून मोटर भाजत असते. निदान दोन फेजवर सेन्सर हवेत. तीन तारांची बेरीज शून्य असल्यामुळे तिसऱ्याचा करंट त्या दोघांवरून काढता येतो.

सोलरला ढग हा मोठा गोंधळ आहे. ढग आला की सोलर पंपाचा कंट्रोलर मोटरचा वेग उतरवतो, आणि अशा पंपाची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. ५० हर्ट्झवरून ४० हर्ट्झवर आला की पाणी व्यवस्थित असतानाही शक्ती जवळपास निम्मी होते. पॅनेलकडून येणारा करंटही तसाच उतरतो. तिथे “इतक्या अँपिअरखाली गेलं की पाणी संपलं” असा एकच आकडा ठेवला तर जून-जुलैत मोटर दिवसभर पडत राहील. करंटची मर्यादा हर्ट्झबरोबर खाली उतरली पाहिजे. कंट्रोलरमध्ये ती सोय नसेल तर ड्राय रनचा विलंब वाढवा आणि बोअरमध्ये पाण्याच्या पातळीचे इलेक्ट्रोड सोडा. सेन्सरकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम करून घेऊ नका.

जबड्याच्या सांध्यातली धूळही बघाच. वरचे-खालचे तुकडे जिथे मिळतात तिथे माती किंवा हळदीच्या पॉलिशची भुकटी साचून एक दशांश मिलिमीटर अंतर पडलं, तर दीड मिलिमीटरच्या फटीत त्याची भर पडते आणि आकडा सहाएक टक्क्यांनी कमी येतो. शून्य बरोबर, चालू आकडा कायम थोडा कमी, असं दिसलं की आधी सांधा कोरड्या फडक्याने पुसा. खरवडू नका, फेराइट टवके उडून फुटतं.

तरीही सुटलं नाही आणि सर्व्हिसवाल्याला फोन करायची वेळ आली, तर त्याआधी कागदावर एवढं लिहून घ्या: पंप एसीचा की सोलरचा, सेन्सर किती अँपिअरचा, कोअर आहे की नाही, वेढे किती, मोटर बंद असताना सेन्सरचा सप्लाय आणि आउटपुट, सकाळचं आणि दुपारचं, मोटर चालू असताना टाँग टेस्टरचा आणि डब्याचा आकडा, दार उघडून आणि दार लावून, सिम काढल्यावर काय बदललं. फोनवर हे वाचून दाखवलंत तर समोरच्याला नवा सेन्सर घेऊन अंदाजाने यायची गरज पडत नाही.